फलटणच्या जुळ्या कोकरांमागचं मानवी प्रथिन

जत-आटपाडीपासून माण-फलटणपर्यंत जी दख्खनी मेंढी दिसते, ती बहुतेक वेळा एका वेताला एकच कोकरू देते. वर्षभराचं उत्पन्न त्या कोकरावर. म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, १९९०च्या दशकात सुंदरबनातली छोटीशी गारोल मेंढी आणून दख्खनीशी संकर सुरू केला. गारोलला जुळी-तिळी सहज होतात. त्यातूनच पुढे 'नारी सुवर्णा' आली.

गंमत म्हणजे हाच गुण ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेंढीतही होता. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून तिकडे बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. दोन्हीकडचा बदल एकच आहे, हे २००२ मध्ये डीएनएवरून दिसलं.

बदल नेमका काय, ते आदल्याच वर्षी कळलं होतं. 'बीएमपीआर-१बी' या रिसेप्टरमध्ये २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन आलं होतं. पण अक्षर बदललं म्हणून जुळी होतात, हे कसं दाखवायचं? फ्रान्समधल्या गटाने अंडाशयातल्या पेशी डिशमध्ये वाढवून त्यांना जीडीएफ-५ आणि बीएमपी-४ ही प्रथिनं दिली. साध्या मेंढीच्या पेशींचं हार्मोन बनवणं मंदावलं. बदल असलेल्या पेशींनी तो 'थांब'चा निरोप फारसा मनावर घेतला नाही. ब्रेक सैल, म्हणून एकाच वेळी जास्त बीजं पिकतात.

आता हे जीडीएफ-५ आणायचं कुठून? अंडाशयातून गोळा करायला कळपच्या कळप कापावे लागतील! म्हणून माणसाचं जनुक ई. कोलाय बॅक्टेरियात घालतात. माणसाचं आणि मेंढीचं हे प्रथिन जवळजवळ सारखंच, त्यामुळे मेंढीच्या पेशीला फरक पडत नाही. बॅक्टेरिया प्रथिन भरपूर बनवतो, पण घडी चुकवतो. पेशीत नुसत्या गुठळ्या साचतात. त्या युरियासारख्या रसायनात विरघळवायच्या, मग हळूहळू रसायन कमी करत दोन साखळ्या गंधकाच्या बंधाने जोडू द्यायच्या. खरा वेळ इथेच जातो. माझे तर आठवडेच्या आठवडे अशा पांढऱ्या गाळात गेलेत. हातात येतं ते मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं.

कळपात मात्र या प्रथिनाचं काही काम नाही. तिथे डीएनए चाचणी पुरते. नारीने ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने वापरली आणि कुठला नर ठेवायचा ते कळू लागलं. मेंढपाळाचा प्रश्न वेगळाच: उन्हाळ्यात चारा नसताना दुसऱ्या कोकराला दूध कुठून आणू? त्यासाठी व्यायलेल्या मेंढीला खुराक लागतो, आणि त्याचे पैसे जुळी विकायच्या आधीच घालावे लागतात.