वेंकटरामन, प्रसन्ना : प्रोटिओसोमविषयक संशोधन

जीवरसायनशास्त्रज्ञ. नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन संस्थेत प्रयोगशाळा. जुनी, बिघडलेली वा नकोशी प्रथिने तोडणारा पेशीतील प्रोटिओसोम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची साखळी ज्यावर चढते, ते प्रथिन प्रोटिओसोमच्या पोकळीत ओढले जाते. या खुणेच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच वर्षी ‘मॉलेक्युलर सेल’मध्ये वेंकटरामन, हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग व सहकाऱ्यांचा निबंध आला. हंटिंग्टनच्या आजारात हालचालींवरचा ताबा सुटतो, पुढे स्मृतिभ्रंशही होतो. या आजारात एका प्रथिनातली ग्लुटामिन या अमिनो आम्लाची सलग माळ प्रमाणाबाहेर लांबते. ही माळ प्रोटिओसोमला तोडता येते का, हा साधा पण मूलगामी प्रश्न त्यांनी विचारला. सस्तन प्राण्यांच्या पेशींसारख्या प्रगत पेशींचा प्रोटिओसोम पहिल्या ग्लुटामिननंतर काप घेतो, पुढची माळ मात्र जशीच्या तशी बाहेर सोडतो. त्याची तीन प्रकारची कापणारी केंद्रे जलद्वेषी, आम्लधर्मी वा अल्कधर्मी घटकांनंतर काप घेणे पसंत करतात. ग्लुटामिन यांपैकी कशातच बसत नाही. आर्किया या सूक्ष्मजीवांच्या प्रोटिओसोमने मात्र हीच माळ झपाट्याने पचवली. निबंधाचे खरे बळ या तुलनेत आहे : माळ अभेद्य नाही, उणीव आपल्या प्रोटिओसोमची आहे.

पुढे खारघरच्या प्रयोगशाळेने प्रोटिओसोमच्या जुळणीला मदत करणाऱ्या प्रथिनांकडे लक्ष वळवले. ‘पीएसएमडी-९’ हे त्यांतले एक. ते ‘एचएनआरएनपी-ए१’ या प्रथिनाशी जोडले जाते. या जोडीमुळे ‘आय-कप्पा-बी’ हे रोधक प्रथिन अधिक प्रमाणात तुटते, आणि त्याने अडवून धरलेला ‘एनएफ-कप्पा-बी’ हा घटक मोकळा होतो, असे २०१४ मध्ये दाखवण्यात आले. अनेक कर्करोगांत पेशी जगवण्याचे काम हाच घटक करतो. यकृताच्या कर्करोगात वाढलेल्या गँकिरिन या प्रथिनाचे जोडीदारही याच गटाने शोधले. ते गँकिरिनच्या पृष्ठभागावरील एकाच जागी येऊन चिकटतात.

या कामाचे वैद्यकीय मोल मोठे आहे. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालेले बोर्टेझोमिब थेट प्रोटिओसोमच रोखते. ते गुणकारी आहे, पण निरोगी पेशींनाही त्याची झळ बसते. रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. संपूर्ण यंत्रणा बंद न पाडता प्रथिनांची एखादीच घातक जोडी तोडणारे औषध घडवायचे, तर ती जोडी नेमकी कुठे जुळते हे आधी कळावे लागते.