दोरीने बसणारी काच

प्रीमियर पद्मिनीची मागची काच बसवायला एकही स्क्रू लागत नाही. लागतं ते रबराचं एक कडं, काचेला वळसा घालून उरेल एवढी दोरी, साबणाचं पाणी आणि दोन माणसं. रबराला दोन खाचा असतात. एकीत काच शिरते, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. आधी रबर काचेवर चढवायचं, मग बाहेरच्या खाचेतून दोरी फिरवायची आणि तिची टोकं खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून पुढे काढून ठेवायची. काच बाहेरून जागेवर टेकवून टोकं आत सोडायची. आतला माणूस दोरी सावकाश ओढतो. ती निघता निघता रबराचा ओठ उचलते आणि पत्र्याच्या कडेवरून आत घेते. त्याच वेळी बाहेरचा माणूस नेमक्या त्याच जागी तळहाताने दाबत जातो. जोर काचेला लावायचा नसतो, दोरीला लावायचा असतो. कोपऱ्यावर ओठ अडला आणि हिसका दिला, की दोरी रबर चिरूनच हाती येते.

थंड मुलखात हे रबर मऊ करायला गरम पाण्यात बुडवतात. इथे वाशिमच्या मे महिन्यात त्याची गरज नाही. थोडा वेळ उन्हात टाकलं की काम झालं. तेच ऊन पुढे त्याच रबराच्या जिवावर उठतं, ती गोष्ट वेगळी.

या जुळणीचं कूळ शोधत मागे गेलं, तर सुरुवातीला मागची काचच सापडत नाही. पहिल्या मोटारी उघड्या होत्या. पुढे कापडी टप आला तेव्हा त्यात सेल्युलॉइडचा एक चौकोन शिवून टाकत, मागून कोण येतंय एवढं दिसण्यापुरता. बंद मोटारी आल्या त्या बग्गी बनवणाऱ्या सुतारांच्या हातून. सांगाडा लाकडी, त्यामुळे काचही घराच्या खिडकीसारखी लाकडी पट्ट्यांत बसे. मग साच्यात दाबून काढलेल्या पत्र्याचे सांगाडे आले आणि लाकूड गेलं. आता काच धरायची कशात? पत्र्याला थेट टेकवली तर पहिल्याच खड्ड्यात तडकणार.

उत्तर तयारच होतं, फक्त ते दुसऱ्याच कामांत गुंतलं होतं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. गंधक घालून तापवलं की ते ताळ्यावर येतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ साली उमगलं. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. इंग्लंडात थॉमस हॅनकॉकने त्याच्या आधी पेटंटचा अर्ज ठोकला होता. त्या भांडणात पैसा इतरांनीच केला. गुडइयर कर्जात मेला.

काचेलाही सुधारावं लागलं. १९०३ मध्ये एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलॉइडचा थर वाळून बसला होता. त्यातून दोन काचांमध्ये पापुद्रा घातलेली लॅमिनेटेड काच निघाली. दुसरी वाट टफन्ड काचेची: सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करायची. पृष्ठभाग आवळला जातो, ताकद वाढते, आणि फुटलीच तर सुरे न होता दाणे होतात. पद्मिनीच्या पिढीत मागे सहसा हीच काच.

तरी मागची खिडकी मोठी व्हायला वेळ लागला. फोक्सवॅगन बीटलला १९५३ पर्यंत मागे दोन छोट्या सपाट काचा होत्या, मध्ये पत्र्याची पट्टी. त्या वर्षी एकच लांबट गोल काच आली आणि १९५७ मध्ये मोठी चौकोनी. बाकदार काच परवडू लागली, तसं तिला मिठी मारून बसणारं रबर कामाला आलं.

त्याच १९५३ मध्ये फियाटने ११०० ही गाडी नव्या रूपात काढली. वेगळी चॅसी नाही, सगळा भार पत्र्याच्या पेटीवर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) ती कुर्ल्यात बांधायला घेतली. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तोपर्यंत पद्मिनीची सद्दी संपत आली होती. जिल्ह्यात एखादी जुनी पद्मिनी दिसलीच, तर तिच्या पाटीवर वाशिमच्या एमएच-३७ पेक्षा अकोल्याचा एमएच-३० असण्याचीच शक्यता जास्त.

रबर पाणी अडवायला असतं, असं आपण धरून चालतो. माझ्या मते ते त्याचं दुय्यम काम. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ताही लाटा घेतो. अशा रस्त्यावर पेटीसारखी गाडी किंचित पिळवटते. काच पिळवटू शकत नाही. तो फरक रबर पोटात घालतं.

पण रबरालाही वय असतं. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला चिरा पाडतात. १९६० च्या दशकात बाजारात आलेलं ईपीडीएम हे कृत्रिम रबर या दोन्हींना फारशी दाद देत नाही; नवी पट्टी घ्यायची तर तीच मागावी. चिरांतून शिरलेलं पाणी खालच्या कोपऱ्यांत साचतं, पत्रा आतून खातं आणि डिकीत उतरतं. यावर सर्रास सिलिकॉन फासतात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजच लावतं. ओठाखाली भरायला न सुकणारं मॅस्टिक हवं. आणि आधी जुना गंज घासून रंग. त्याशिवाय बाकी सगळं वाया.

जुनं रबर वाचवायच्या भानगडीत मात्र पडू नये. ते बेधडक कापावं, काच सांभाळावी. लॅमिनेटेड सपाट काच दुकानात मापाने कापून मिळते. टफन्ड काच कापताच येत नाही, चरा खोल गेला की सगळीच दाणे होऊन खाली येते. पद्मिनीची बाकदार मागची काच फुटली, तर भंगारातल्या दुसऱ्या पद्मिनीपर्यंत जावं लागतं. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, त्यामुळे तोही झरा आटतो आहे.

अमेरिकेत १९६० नंतर काच पत्र्याला थेट चिकटवायला सुरुवात झाली आणि हळूहळू सगळीकडे युरेथेनचा गोंद आला. कारंजा किंवा शेलुबाजारजवळून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या नव्या मोटारीची काच निव्वळ खिडकी नसते, ती सांगाड्याच्या ताकदीत भर घालते. अपघातात हे फायद्याचंच. पण ती काढायला गोंद तारेने किंवा पात्याने कापावा लागतो, आणि बसवल्यावर तो पकडेपर्यंत गाडी हलवता येत नाही. एसटीच्या जुन्या लाल गाड्या आणि ट्रक यांच्या समोरच्या काचा रबरातच राहिल्या त्या याच हिशेबाने: दगड लागून काच गेली, तरी ती रातोरात बदलून गाडी सकाळच्या फेरीला सोडता येते.