धेंपो क्लब : शिडी दोनदा चढलेला संघ

धेंपो स्पोर्ट्‌स क्लबचे मूळ डिचोलीच्या खाणपट्ट्यातील. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पटकावले. २००८ मध्ये एएफसी चषकाची उपान्त्य फेरीही गाठली.

२०१५ मध्ये आय-लीगमधून संघाची पदावनती झाली. पुढच्याच हंगामात द्वितीय श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्क मिळवला खरा. मात्र २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह धेंपोने स्पर्धेतूनच माघार घेतली. महासंघाच्या नव्या आराखड्यात सर्वोच्च स्थान इंडियन सुपर लीगला होते आणि तिथे बढतीने पोहोचण्याची वाट नव्हती. जर्मनीत मात्र हायडेनहाइम या जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावचा संघ, २००७ पासून फ्रँक श्मिट या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, चौथ्या स्तरावरून २०२३ मध्ये थेट बुंडेसलिगात पोहोचला. तिथे गुणतक्ताच निर्णय देतो.

पुढे भारतातही आय-लीग विजेत्याला बढती मिळू लागली. २०२३-२४ मध्ये धेंपोने आय-लीग २ मध्ये दुसरे स्थान मिळवले आणि आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या आय-लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामासाठी पुन्हा प्रवेश केला.