राकेश शर्मा परतले. त्यानंतर ‘सॅल्युत-७’च्या बाहेर काय घडले?

१/ ११ एप्रिल १९८४. स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा जवळपास आठ दिवसांचा प्रवास आटोपून पृथ्वीवर परतले. आपल्याकडे सांगितली जाणारी कथा बहुधा येथेच संपते. इंदिरा गांधींशी झालेला त्यांचा संवाद सर्वांना ठाऊक असतो. परंतु तो ज्या ‘सॅल्युत-७’ स्थानकातून झाला, ते स्थानक त्या वेळी नादुरुस्त होते, हे क्वचितच सांगितले जाते. आजचा थ्रेड त्या दुरुस्तीविषयी.

२/ सप्टेंबर १९८३ मध्ये स्थानकाच्या इंधनप्रणालीतील एक नळी फुटली. स्थानकाची दिशा सांभाळणाऱ्या लहान इंजिनांपैकी बरीचशी त्यामुळे निरुपयोगी झाली. ही नळी मागच्या भागात, उष्णतारोधक आवरणाखाली होती. कक्षेत कोणी ती उघडून दुरुस्त करील, असा विचार स्थानकाच्या आराखड्यात नव्हताच.

३/ हे काम ज्यांच्यावर सोपवले होते, ते लिओनिद किझिम आणि व्लादिमीर सोलोव्योव फेब्रुवारी १९८४ मध्येच, डॉक्टर ओलेग अत्कोव यांच्यासह, स्थानकात दाखल झाले होते. एप्रिलमध्ये शर्मा, युरी मालिशेव आणि गेनादी स्त्रेकालोव पाहुणे म्हणून आले. पनवेल लोकलच्या एका डब्याहूनही आखूड अशा त्या स्थानकात काही दिवस सहा माणसे राहिली.

४/ आता ‘स्पेसवॉक’ म्हणजे नेमके काय ते पाहू. यात चालणे जवळपास नसतेच; सारा भार हातांवर असतो. बाहेर निर्वात पोकळी, म्हणून पोशाखात ऑक्सिजन दाबाने भरलेला असतो. पृथ्वीवरच्याइतका दाब ठेवला तर पोशाख ताठ होऊन सांधे वळेनात. म्हणून सोव्हिएत ‘ओर्लान’ पोशाखात तो साधारण ०.४ वातावरण इतकाच राखत. तरीही मूठ वळवताना दर वेळी हातमोज्याशी झुंजावे लागे.

५/ कमी दाबाचीही किंमत असते. दाब एकाएकी उतरला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना जडणारा विकार तो हाच. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी शुद्ध ऑक्सिजन घेऊन शरीरातील नायट्रोजन कमी करतात आणि मगच कक्षातील हवा सोडून दार उघडतात.

६/ हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव सुमारे १२ मिनिटे बाहेर राहिले. पोशाख इतका फुगला की त्यांना परत आत शिरता येईना. अखेर पोशाखातला दाब कमी करून, पायांऐवजी डोके आधी घालून ते आत आले. त्या वेळच्या सोव्हिएत वृत्तांत या संकटाचा मागमूस नव्हता. जगाला ते पुढे कळले. जून १९६६ मध्ये अमेरिकेचे यूजीन सर्नन बाहेर धडपडताना इतके तापले की शिरस्त्राणाची काच धुक्याने भरली आणि त्यांना दिसेनासे झाले.

७/ २३ एप्रिल १९८४. शर्मा परतून बारा दिवस झाले होते. किझिम आणि सोलोव्योव प्रथमच बाहेर पडले. शिडी आणि अवजारे कामाच्या जागी नेऊन बसवली. स्थानकाचा वेग असा, की पनवेल ते पुणे हे अंतर पंधरा सेकंदांच्या आत सरावे. सुमारे दीड तासाच्या प्रत्येक फेरीत एकदा रात्र होई. दोर सुटलेला माणूस खाली पडत नाही, स्थानकाच्या जवळच तरंगत राहतो. पण रेटा द्यायला काही नसल्यामुळे परतू शकत नाही. म्हणून दोन आकडे असतात. एक पुढे अडकल्याखेरीज दुसरा सोडायचा नाही.

८/ २६ एप्रिलला आवरण कापून ते नळ्यांपर्यंत पोहोचले आणि झडप बसवली. २९ एप्रिल व ३ मे रोजी पर्यायी नळ्या जोडल्या. आवरणाची धारदार कड पोशाखाला लागली असती, तर प्राणांशी गाठ होती.

९/ एवढे करूनही काम पुरे झाले नाही. फुटलेली नळी चिमटून कायमची बंद करणे आवश्यक होते आणि तेवढ्या ताकदीचे अवजार स्थानकात नव्हते. ते जुलैमध्ये ‘सोयूझ टी-१२’ने आले. त्याच यानातून आलेल्या स्वेतलाना सवित्स्काया २५ जुलै रोजी स्पेसवॉक करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांनी बाहेर धातू कापण्याचे व जोडण्याचे प्रयोग केले.

१०/ ८ ऑगस्टला किझिम आणि सोलोव्योव सहाव्यांदा बाहेर पडले. (पाचवी फेरी, १८ मे रोजीची, सौरपंख वाढवण्यासाठी होती.) सुमारे पाच तासांच्या कामात नळी चिमटली गेली आणि गळती थांबली. ऑक्टोबरमध्ये ते परतले, तेव्हा २३७ दिवस उलटले होते.

११/ राष्ट्राच्या स्मृतीत आपला माणूस परतला की कथा संपते आणि त्यात गैर काही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र छायाचित्रातील उरलेल्या चेहऱ्यांचाही माग घ्यावा. शर्मांचे यजमान किझिम आणि सोलोव्योव १९८६ मध्ये ‘मीर’वरून पुन्हा याच स्थानकात गेले. एका स्थानकातून दुसऱ्यात झालेला तो पहिला प्रवास. ७ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘सॅल्युत-७’ वातावरणात शिरून जळाले. काही तुकडे अर्जेंटिनात पडले. भारताच्या पहिल्या अंतराळवीराचे अंतराळातले घर ते हेच.

#मराठी #इतिहास