काळ्या रेघेची कुळकथा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. तिथला काळा दगड म्हणजे मँगनीज. पोलाद आणि बॅटरीचे सेल, एवढीच त्याची कामं आपल्याला ठाऊक असतात. पण पोलाद कारखान्यांच्या हजारएक वर्षं आधी हे खनिज कुंभारांच्या हाती रुळलं होतं. मध्ययुगीन इस्लामी जगातल्या भांड्यांवरची जांभळी छटा आणि फरशांवरची काळी रेघ ही त्याचीच करणी.

नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांशी बरोबरी करण्यासाठी कथील घालून पांढरी झिलई केली आणि तिच्यावर कोबाल्टची निळी नक्षी काढली. शिशाच्या पारदर्शक झिलईत मात्र अडचण होती. भट्टीत ती वितळली की खालचा रंगही तिच्याबरोबर ओघळे. दहाव्या शतकाच्या आसपास निशापूर-समरकंदच्या कारागिरांनी रंगाची पूड पातळ मातीत कालवली. माती जागची हलली नाही आणि पांढऱ्या थाळ्यांवर कूफी वळणाची अरबी अक्षरं ठसठशीत उमटली. त्यांचा काळा-तपकिरी रंग मँगनीज आणि लोहाचा.

एकाच फरशीवर निळी, पिवळी, हिरवी झिलई शेजारी शेजारी भरायची, तर त्या एकमेकींत मिसळणार. इथे मँगनीजने सर्वांत देखणं काम केलं. त्याची पूड तेलकट पदार्थात मिसळून नक्षीच्या रेघा आखत. पाण्यात कालवलेली झिलई तेलकट रेघ ओलांडत नाही. ती आपापल्या कप्प्यात थांबते. भट्टीत तेल जळून जातं, काळी रेघ तेवढी उरते. अंदालुसियाच्या कुंभारांना ही युक्ती दहाव्या शतकात अवगत होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरी समरकंदच्या इमारती तिने उजळल्या.

इराणी फरशीकाम बहमनी काळात दख्खनमध्ये आलं. गिलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याचा, अशाच फरशांनी सजलेला बिदरचा मदरसा १४७२ चा. देवगिरीच्या किल्ल्यातल्या चिनी महालावरही रंगीत फरशांचे अवशेष आहेत.

या फरशांसाठी भंडाऱ्याचं खनिज गेलं, असा माझा दावा नाही. मूलद्रव्य मात्र तेच. म्हणून तुमसरच्या शाळांत मँगनीज शिकवताना पोलादाबरोबर समरकंदच्या फरशीचं चित्रही दाखवायला हवं. आपल्या जमिनीतल्या दगडाने जगाच्या कलेत काय केलं, हे तिथल्या मुलांना कळणं हा त्यांचा हक्क आहे.