गॅसच्या लाइनीची कुळकथा

मीरा रोड स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "येणार का?" विचारलं आणि त्याने मान न वळवता "गॅस" एवढंच म्हटलं, तर पुढे बोलण्यात अर्थ नसतो. तो पंपावर निघालेला असतो आणि तिथे त्याचा तास जाणार की दोन, हे त्यालाही माहीत नसतं. हे एका शब्दाचं उत्तर फार जुनं नाही, पंचवीसेक वर्षांचं असेल. त्याआधी नाही म्हणायला रिक्षावाल्यांना दुसरी कारणं शोधावी लागत.

पेट्रोलच्या दिवसांत रिक्षाला लाइन अशी नव्हतीच. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलबरोबर मापून घातलेलं टूटी ऑइल, एक-दोन हिसके देऊन गाडी हलवायची आणि निळ्या धुराचा लोट सोडत निघायचं. सगळं मिळून दोन-चार मिनिटांचं काम. इंधनासाठी थांबणं हा दिवसाच्या हिशेबातला वेगळा रकाना नव्हता.

तरीही या लाइनीला महाराष्ट्रात एक पणजोबा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा मोटारींच्या पाठीला भट्ट्या लागल्या. भट्टीत लोणारी कोळसा, त्यातून निघणारा गॅस नळीने इंजिनात. गाडी निघण्याआधी क्लीनरने हँडल मारून भट्टीला वारा घालायचा, राख काढायची, गॅस नीट येतोय का ते पाहायचं आणि मग कुठे इंजिन धरायचं. या गॅसला पेट्रोलचा जोर नसे, त्यामुळे घाटात गाडी दम टाकायची. युद्ध संपलं, पेट्रोल सुटलं आणि भट्ट्या भंगारात गेल्या. पण इंधन गॅसचं झालं की थांबा लांबतो, ही गोष्ट आपल्याकडे तेव्हाच कळून चुकली होती.

आजच्या सीएनजीचं घराणं मात्र थेट या भट्टीपासून निघत नाही. ते इटलीचं. तिथे पो नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक वायू सापडला आणि १९३०च्या दशकात तो सिलिंडरमध्ये दाबून मोटारींना लावायला सुरुवात झाली. दुसरी शाखा न्यूझीलंडची. १९७०च्या दशकातल्या तेलाच्या भडक्यानंतर त्या देशाने आपल्या माउई वायुक्षेत्राच्या भरवशावर हजारो मोटारी गॅसवर नेल्या. पुढे सरकारी सवलती आटल्या आणि तिथली ती हौस विरून गेली. खूण मात्र आपल्याकडे उरली. पंपावरचा पोरगा रिक्षाच्या ज्या व्हॉल्व्हमध्ये नोझल खुपसतो, तो न्यूझीलंडच्या मानकाचा आहे. ज्या देशाने तो ठरवला तिथे आता गॅसवरची मोटार शोधावी लागेल; आपल्याकडे तो दिवसभर उघडझाप करतो.

मुंबईचा गॅस समुद्रातून आला. १९७४ साली समुद्रात विहीर खणणाऱ्या 'सागर सम्राट' रिगला बॉम्बे हायला तेल लागलं आणि तेलाबरोबर वायूही निघाला. तो उरणला आला, खतांच्या कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत गेला. रस्त्यावरच्या गाड्यांचा विचार पुष्कळ उशिरा झाला. १९९५ साली गेल आणि ब्रिटिश गॅस या कंपन्यांनी मिळून महानगर गॅस ही कंपनी काढली, वडाळ्याला शहराचं मोठं गॅस स्टेशन उभं राहिलं आणि काही टॅक्सीवाल्यांनी धीर करून किट बसवून घेतले.

खरा रेटा कोर्टाचा. धुराने हैराण झालेल्या रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९९च्या डिसेंबरात कोर्टाने तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. त्यानंतर जुन्या टॅक्सी आणि मग रिक्षा टप्प्याटप्प्याने गॅसवर गेल्या. हवेच्या दृष्टीने हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लाइनीचा जन्मही इथलाच. गाडीला किट एका दिवसात बसतो. गॅसची वाहिनी यायला रस्ता खोदावा लागतो, परवानग्या लागतात, पंपाला जागा लागते. गाड्या कोर्टाच्या तारखांनी बदलल्या, कॉम्प्रेसर आपल्या चालीने आले. मधलं अंतर रिक्षावाल्याने उभं राहून भरून काढलं, आणि अजून काढतोच आहे.

पेट्रोल वरून खाली ओतलं जातं. गॅस दाबाच्या फरकाने जातो, आणि सगळी मेख इथे आहे. पंपावरच्या साठ्यातला दाब रिक्षाच्या सिलिंडरपेक्षा बराच जास्त असेल, तर गॅस झपकन शिरतो आणि काटा २०० बारच्या आसपास येऊन मशीन आपोआप कट होतं. पण पाठोपाठ गाड्या लागल्या की साठ्याचा दाब उतरत जातो, भरणं रेंगाळतं, आणि "प्रेशर नाही" म्हणत पोरगा दीडशेवरच नोझल काढतो. जोरात भरताना सिलिंडर तापतो, गरम गॅस फुगतो, म्हणून काटा भरलेला दिसतो आणि वजनात गॅस कमीच असतो. ज्या पंपापर्यंत वाहिनी पोचलेली नाही, तिथे तर ट्रकवर सिलिंडरची चवड येते. ट्रक उशिरा आला की लाइन नुसती उभी. त्यात दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. तिची तारीख उलटली असेल, तर तासभर उभं राहूनही गॅस न घेता परत.

म्हणून मीरा-भाईंदरचा मुरलेला चालक कुठल्या पंपावर जायचं याइतकाच कधी जायचं याचा विचार करतो. या हिशेबाची तंतोतंत जोडी मला सापडली ती अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीत. दिसायला घरच्या मोटारीसारख्या या गाड्या एरवी लंबगोल ट्रॅकवर पळतात. तिथे भर शर्यतीत पेट्रोलला थांबलं की बहुधा एक फेरी मागे पडायला होतं. वॉटकिन्स ग्लेनसारख्या वळणावळणाच्या रोड कोर्सवर मात्र एक फेरी जवळपास अडीच मैलांची. तिथे थांबूनही फेरी गमवावी लागत नाही. मग चमू शर्यत शेवटाकडून मोजतो. फेऱ्या ९० आणि टाकी ३५ फेऱ्या चालते असं धरलं, तर ५५व्या फेरीनंतर भरलेली टाकी शेवटपर्यंत पुरते. ती खिडकी उघडली की आत शिरायचं, पुढे कोण आहे ते बघत बसायचं नाही. अपघात होऊन पिवळा झेंडा पडला, तर आधी भरून घेतलेला फायद्यात आणि राहिलेला गोत्यात.

तिथल्या पेट्रोल भरण्यालाही कुळ आहे. व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावच्या वूड बंधूंनी थांबा हे स्वतंत्र कसब बनवलं. १९६४ला इंडियानापोलिसच्या शर्यतीत भीषण आग लागून दोन चालक गेले. पुढच्या वर्षी दाबाने इंधन भरायला बंदी आली, नुसत्या उंचीच्या जोरावर भरायचं ठरलं. त्याच १९६५च्या शर्यतीत चालक जिम क्लार्कच्या गाडीसाठी या भावांना बोलावलं गेलं. दोन्ही थांबे मिळून त्यांनी ४५ सेकंदांच्या आत उरकले आणि क्लार्क जिंकला. आजही स्टॉक कारमध्ये माणूस ११ गॅलनचा डबा खांद्यावर घेऊन ओततो.

आपल्या रिक्षावाल्याला थांबा आखडता येत नाही, त्यामुळे शेवटाकडून मोजणं एवढंच त्याच्या हातात उरतं. सिलिंडरमध्ये साधारण चार किलो गॅस बसतो. त्याची खरी कमाई संध्याकाळी, लोकल भरभरून रिकाम्या व्हायला लागल्या की. त्या वेळी लाइनीत अडकला तर दिवस गेला. म्हणून भाडी थंड असतात त्या दुपारी अर्धा सिलिंडर शिल्लक असतानाच तो पंपाकडे वळतो. नवखा मात्र काटा तळाला जाईपर्यंत भाडी मारतो आणि सातला, सगळ्यांच्या मागे, काशीमिऱ्याच्या बाजूला उभा दिसतो. छोट्या टाकीतलं पेट्रोल असतं, पण ते पंपापर्यंत पोचण्यापुरतं. त्यावर धंदा केला तर हातात काही पडत नाही.

पिवळा झेंडाही इथे एकदा चांगलाच पडला. रविवारी, १६ नोव्हेंबर २०२५ला, ट्रॉम्बेत आरसीएफ या खतकारखान्याच्या आवारात गेलच्या मुख्य वाहिनीला इजा झाली. वडाळ्याला जाणारा गॅस आटला आणि मुंबई-ठाणे पट्ट्यातले कितीतरी पंप बंद पडले. सोमवारी रिक्षा मिळेनात, मिळाल्या तर दर ऐकून माणूस चालत निघे. ज्यांनी रविवारी सकाळीच सिलिंडर भरून ठेवला होता, त्यांचा तो दिवस सोन्याचा ठरला. यात शहाणपण किती आणि नशीब किती, हे शर्यतीतही कधी धड सांगता येत नाही.

भाडेवाढीची वेळ आली की चर्चा होते ती गॅसच्या किलोच्या भावाची. लाइनीतल्या तासाचा भाव कुणी फारसा काढत नाही, आणि तो तास सगळ्यांना सारखा पडतही नाही. स्वतःची गाडी असलेला आपल्या सोयीने जातो. दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर घेणाऱ्याला मालकाचे पैसे ठरलेले, गॅस त्याच्या खिशातून, आणि बऱ्याच ठिकाणी गाडी परत द्यायची ती भरूनच. त्यामुळे रात्री दहाला शेवटचं भाडं उतरवलेला माणूस आधी पंपावर जातो, मग मालकाकडे, आणि मग भाईंदर पूर्वेला आपल्या घरी.