आई, बहीण आणि टक्कल पडलेला भाऊ : पीसीओएसच्या आनुवंशिकतेचा शोध

आजच्या थ्रेडमध्ये लढाई नाही, किल्ला नाही आणि एकही ताम्रपट नाही. आज एका प्रश्नाचा इतिहास मांडायचा आहे : पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, घराण्यात चालतो का?

साधारण दहा स्त्रियांमागे एकीला हा विकार असतो. त्यामुळे हे वाचणाऱ्यांपैकी अनेकींना दवाखान्यात हा प्रश्न ऐकावा लागला असेल : आईला किंवा बहिणीला असा त्रास होता का? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध सुरू होऊन अर्धशतक उलटले. एवढ्या काळात उत्तर अनेकदा बदलले. आजार तोच राहिला. पुरावा म्हणून काय मानायचे आणि तो कोणाच्या शरीरात शोधायचा, हे मात्र बदलत गेले. आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आधी विकाराविषयी थोडक्यात. पाळी अनियमित होते किंवा लांबते; शरीरात अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना पुरुषी संप्रेरके म्हणतात ती, प्रमाणाबाहेर वाढतात; त्यामुळे चेहऱ्यावर दाट केस येतात, मुरुमे उठतात. अंडाशयात पुष्कळ बारीक पुटिका दिसतात. नावात 'सिस्ट' असले तरी त्या खऱ्या गाठी नव्हेत. पूर्ण वाढ न होता थांबलेल्या बीजांच्या त्या पिशव्या असतात. पुष्कळ जणींत इन्शुलिनचे काम नीट होत नाही आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो.

या विकाराची कथा बहुधा १७२१ पासून सांगितली जाते. पादुआ येथील वैद्य अंतोनियो व्हालिस्नेरी याने मूल न होणाऱ्या, काहीशा स्थूल शेतकरी स्त्रियांच्या अंडाशयांचे वर्णन केले : मोठी, पांढुरकी, चकाकणारी, कबुतराच्या अंड्यांसारखी. वर्णन आजच्या रोगाशी जुळते खरे. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या एका परिच्छेदावरून निदान करणे म्हणजे एका नाण्यावरून राजवंश उभा करणे. १९२१ मध्ये आशार आणि तिएर या फ्रेंच वैद्यांनी 'दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह' असे नाव देऊन केसांची वाढ आणि साखरेचा विकार यांची सांगड घातली. नाव क्रूर आहे. निरीक्षण मात्र फार पुढचे होते.

आधुनिक इतिहास सुरू होतो १९३५ मध्ये, शिकागोत. अर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी बंद किंवा अत्यंत विरळ, आणि दोन्ही अंडाशये वाढलेली. त्यांनी पोट उघडून अंडाशयांचा मोठा भाग पाचरीसारखा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. पुढची काही दशके हा विकार 'स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोम' म्हणूनच ओळखला गेला.

या सात स्त्रियांना बहिणी असतील, आया असतील. पण अंडाशय पाहायचे तर तेव्हा पोट उघडावे लागे, किंवा पोटात वायू भरून क्ष-किरण चित्र काढावे लागे. धडधाकट बहिणीवर हा प्रयोग कोण करणार? आजाराचा पुरावा फक्त शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळत होता आणि त्या टेबलावर कुटुंब येत नसे. त्यामुळे आनुवंशिकतेचा प्रश्न तीन दशके जवळजवळ पडूनच राहिला.

१९६८ मध्ये कूपर, स्पेलसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उचलला. रुग्ण स्त्रियांच्या आया-बहिणींना त्यांनी पाळीचा इतिहास विचारला आणि तो निरोगी स्त्रियांच्या कुटुंबांशी ताडून पाहिला. काही बहिणींची अंडाशये योनिमार्गातून दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहिली. विरळ पाळीचा त्रास रुग्णांच्या घरात अधिक आढळला, काही बहिणींची अंडाशयेही तशीच निघाली. निष्कर्ष असा की, एखादे प्रभावी जनुक पिढीतून पिढीत उतरत असावे. मात्र ते ज्यांच्यात आहे त्या प्रत्येकीत त्याचा परिणाम दिसेलच असे नाही.

इथे क्षणभर थांबू या, कारण या संशोधनातला आयांचा पुरावा म्हणजे निखळ मौखिक इतिहास आहे. पाळी थांबून वर्षे लोटलेल्या स्त्रीला तिच्या विशीतली पाळी आठवायला सांगायची. शरीरावर खूण उरलेली नाही, नोंद कोणी ठेवलेली नाही, आणि विषय असा की आयुष्यभर त्यावर मोठ्याने बोलायची सोय नव्हती. ज्या आईला मुलगी झाली म्हणून ती 'रुग्णाची आई' ठरली, तिला मूल झालेले होते. मग आपल्याला कधी काही विकार होता असे तिला का वाटावे? मौखिक साधनांच्या मर्यादा आपण वर्गात शिकतो त्या सगळ्या इथे लागू होतात.

दुसरी अडचण पुरुषांची. जनुक बापाकडूनही येते, पण बापाला पाळी नाही, अंडाशय नाही. मग त्याच्यात हे जनुक आहे की नाही, हे ओळखायचे कशावरून? मराठी वाचकाला कुलवृत्तांत आठवावा. त्यात पुरुषांच्या पिढ्या सलग दिसतात आणि स्त्रिया लग्नानंतर पानावरून नाहीशा होतात. पीसीओएसची वंशावळ नेमकी उलटी : तिच्यात स्त्रियाच दिसतात आणि पुरुष अदृश्य राहतात. दोन्ही वंशावळी अर्ध्या कागदावर काढलेल्या.

हा दुसरा अर्धा कागद उघडण्याचा प्रयत्न डेव्हिड फेरिमन यांनी केला. स्त्रियांच्या अंगावरील केसांची मोजणी करण्याची जी पद्धत आजही वापरतात, तिच्या नावात गॅल्वे यांच्यासोबत असलेले फेरिमन ते हेच. १९७९ मध्ये त्यांनी आणि पर्डी यांनी रुग्णांच्या पुरुष नातेवाइकांकडे लक्ष वेधले : या घरांतल्या पुरुषांना अकाली टक्कल पडण्याचे प्रमाण जास्त दिसत होते. अँड्रोजेनचा परिणाम बहिणीच्या हनुवटीवर केस उगवून दिसतो आणि भावाच्या डोक्यावरचे केस घालवून, अशी ही कल्पना. १९९३ मध्ये लंडनच्या एका गटाने तिशीच्या आत पडलेले टक्कल ही पुरुषांमधली खूण मानून दहा कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या आणि गणित एका प्रभावी जनुकाशी जुळते असे सांगितले.

मधल्या काळात अल्ट्रासाउंड आले होते. आता बहिणीला भूल देण्याची गरज उरली नाही. पण पुरावा सोपा झाला की तो भरमसाट सापडू लागतो. १९८८ मध्ये लंडनमध्येच एका अभ्यासात रुग्णांच्या आया-बहिणींची तपासणी झाली, तेव्हा 'तशी' अंडाशये निम्म्याहून कितीतरी अधिक जणींत निघाली. एका प्रभावी जनुकाच्या हिशेबाने ती निम्म्यांत सापडायला हवीत. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की, कसलीच तक्रार नसलेल्या स्त्रियांतही पाचातल्या एकीला तरी अशी अंडाशये असतात. म्हणजे स्टाइन-लेव्हेंथल ज्याला रोग समजत होते, ती पुष्कळ जणींच्या बाबतीत नुसती ठेवण होती.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३४ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासाने एका जनुकाच्या सिद्धान्तावर आणखी घाव घातला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या बहिणींतही एकीला विकार आणि दुसरीला नाही, अशा जोड्या सापडल्या.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १९९८ चे काम. अमेरिकेत रिचर्ड लेग्रो, आंद्रेया डुनाइफ आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्ण स्त्रियांच्या ११५ बहिणींना तपासले. अंडाशयाची ठेवण बाजूला ठेवून त्यांनी पाळी आणि रक्तातली अँड्रोजेन पाहिली. २२ टक्के बहिणींना पीसीओएस निघाला. आणखी २४ टक्के बहिणींची पाळी अगदी नियमित होती, पण अँड्रोजेन मात्र वाढलेले होते. या दुसऱ्या बहिणी आजवरच्या कुठल्याच वंशावळीत आल्या नव्हत्या. त्यांना विचारले असते तर त्यांनी प्रामाणिकपणे 'मला काही त्रास नाही' असे सांगितले असते. दोन्ही आकडे एकत्र केले की निम्म्याच्या जवळ पोचतात. घराण्यात उतरणारी गोष्ट अंडाशयाचा आकार किंवा पाळीचा बिघाड यापेक्षा अँड्रोजेन वाढण्याची प्रवृत्ती असावी, हे यातून पुढे आले. २००२ मध्ये याच गटाला रुग्णांच्या भावांच्या रक्तातही एक अँड्रोजेन अधिक आढळले. भाऊ अखेर कागदावर आला.

घराण्यातला आकडा हा व्याख्येवर किती अवलंबून असतो, याचे आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतल्या किशोरी आणि तरुणींमध्ये एका निकषाने २२.५ टक्के, तर दुसऱ्या, अधिक कडक निकषाने १०.७ टक्के जणींना पीसीओएस ठरला. मुली त्याच, तपासण्या त्याच, निकष बदलताच आकडा निम्म्यावर. २००३ च्या रॉटरडॅम बैठकीनंतर अल्ट्रासाउंडवरचे चित्रही निदानात धरले जाऊ लागले, त्याचा हा परिणाम. तेव्हा "आमच्या पिढीत नव्हते हो असले काही" हे वाक्य ऐकले की मला आधी विचारावेसे वाटते : नव्हते, की मोजले नव्हते?

२००६ मध्ये नेदरलँड्समधील तीन हजारांहून अधिक जुळ्या आणि त्यांच्या बहिणींचा अभ्यास आला. वर्षाला नऊपेक्षा कमी पाळ्या आणि जोडीला मुरुमे किंवा अंगावर जादा केस, अशी साधी कसोटी होती. एकबीज जुळ्यांमधला मेळ ०.७१ निघाला, द्विबीज जुळ्या आणि इतर बहिणींमध्ये ०.३८. त्यावरून हिशेब असा की, स्त्री-स्त्रीमधल्या या फरकाचा सुमारे ७० टक्के भाग आनुवंशिक असावा. 'सत्तर टक्के' हा आकडा समाजमाध्यमांवर फार चुकीचा फिरतो. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता सत्तर टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. समाजात काहींना विकार आहे आणि काहींना नाही, या भिन्नतेतला किती वाटा जनुकांचा, एवढेच तो सांगतो.

मग जनुके कोणती? २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हजारो स्त्रियांचा पूर्ण जनुकसंच चाळून तीन ठिकाणे दाखवली. त्यातले 'डेन-डी-वन-ए' हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१४ मध्ये असे दिसले की, या जनुकाचे एक रूप निरोगी अंडाशयातल्या पेशींत वाढवले तर त्या पेशी रुग्ण स्त्रीच्या पेशींसारख्या अधिक अँड्रोजेन बनवू लागतात. २०१८ मध्ये दहा हजारांहून अधिक युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासात अशी १४ ठिकाणे निघाली. निदान कुठल्याही निकषाने केलेले असो, अगदी स्त्रीने स्वतः सांगितलेले असो, जनुकीय चित्र बरेचसे सारखेच आले. आणि त्याच अभ्यासात पुरुषांच्या टकलाशी असलेले जनुकीय नातेही दिसले. फेरिमन यांचे निरीक्षण ३९ वर्षांनी दुसऱ्या पुराव्याने परत आले.

तरीही ही सगळी ठिकाणे मिळून आनुवंशिकतेचा दहा टक्केही हिशेब लागत नाही. उरलेल्याचे काय? एक वाट गर्भाशयातून जाते. विस्कॉन्सिनमध्ये ऱ्हीसस माकडिणींना गर्भारपणात टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा त्यांच्या लेकींमध्ये मोठेपणी पीसीओएससारखी लक्षणे दिसली. चिलीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये नोंदवले की, पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणीही अँड्रोजेन अधिक असतात. २०१९ मध्ये स्वीडनच्या नोंदवह्यांवरून दिसले की, पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींना या विकाराचे निदान होण्याचे प्रमाण इतरांच्या पाचपट आहे. त्याच संशोधनात गाभण उंदरिणींना अँड्रोजेन दिले असता परिणाम तिसऱ्या पिढीपर्यंत पोचला. म्हणजे घराण्यात एखादी गोष्ट चालते ती केवळ जनुकांमुळेच चालते असेही नाही. आईच्या शरीरातले नऊ महिने हाही वारशाचाच भाग.

तर, पीसीओएस घराण्यात चालतो का? चालतो. पण एखाद्या दोषासारखा आईकडून मुलीकडे सरळ उतरत नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हिस्सा, त्यातला काही बापाकडचा, काही गर्भातल्या वातावरणाचा, आणि वजन-आहार यांनी त्यात पडणारी भर. एकाच घरात एका बहिणीची पाळी चार-चार महिने लांबते, दुसरीचे रक्त तपासल्याशिवाय काही कळत नाही, आणि भावाला पंचविशीत टक्कल पडते.

स्थळे पाहायला सुरुवात झाली की मुलीची पाळी हा कुजबुजीचा विषय होतो, आणि बिघाड निघालाच तर बोट आईकडे जाते : "तुमच्याच माहेरचे असणार." जुन्या कागदांत 'निपुत्रिक' एवढ्या एका शब्दावर संपलेल्या स्त्रिया आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाला काय होते, हे ठरवायला आता कोणताही पुरावा नाही आणि तसा दावा कोणी करूही नये. पण त्यांच्या नवऱ्यांची तपासणी कधी झाली नव्हती, हे खात्रीने म्हणता येते.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्ण स्त्रीच्या वडिलांचा आणि भावांचाही उल्लेख आहे : मधुमेह, उच्च रक्तदाब आणि चयापचयाच्या तक्रारी त्यांच्यात अधिक असू शकतात, याचे भान डॉक्टरांनी ठेवावे. तेव्हा दवाखान्यात पुढच्या वेळी आई-बहिणीची चौकशी झाली, तर वडिलांच्या साखरेविषयीही सांगा.